मामांना पाळक पसंत पडेना

स्कॉटलंडच्या भूमीवर एकदाही पाऊल न ठेवता माणूस किती स्कॉटिश होऊ शकतो हे ज्याला पाहायचं असेल, त्यानं आमच्या मामेसासऱ्यांना भेटावं. खुद्द एडिंबरात जन्मलेला माणूसही त्यांच्यापुढे थोडा पातळच वाटेल. मामा मूळचे जालन्याचे. तिथल्या मिशनच्या आवारात, स्कॉटिश पाद्र्यांच्या तिसऱ्या का चौथ्या पिढीच्या हाताखाली ते वाढले. ते पाद्री कधीच मायदेशी परतले, पण जाताना आपल्या सगळ्या सवयी मामांच्या घराण्यात विसरून गेले. सकाळी ओटची लापशी, आणि तीही मीठ घालून. लापशीत साखर घालणाऱ्या माणसाला मामा इंग्रज समजतात, आणि 'इंग्रज' हा शब्द ते ज्या तोंडानं उच्चारतात ते पाहून पुन्हा साखरेकडे हात नेण्याची कोणाची छाती होत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे राहिलो तेव्हा मी न कळून चमचाभर साखर घेतली. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, शिरा नाही तो." तेव्हापासून मी त्यांच्या घरी नाश्त्याला नुसता टोस्ट खायचो आणि वाटेत कुठेतरी गाडी थांबवून डोनट खायचो.

ट्वीडची टोपी, कोपरांवर कातडी ठिगळं लावलेला कोट, आणि त्या कोटाच्या खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या, असा त्यांचा थाट. पण जालना काही सुटलं नव्हतं. कॅनडातल्या त्यांच्या गावात दर जानेवारीत चर्चचं मोठं जेवण असतं, त्यात हॅगिस नावाचा पदार्थ करतात. मेंढीचं काळीज, फुप्फुस वगैरे बारीक करून, ओट मिसळून तिच्याच पोटाच्या पिशवीत शिजवतात. गावातले लोक त्याबद्दल इतक्या आदरानं बोलत की मामांना वाटलं काहीतरी दुर्मीळ चीज असणार. ताटात आल्यावर त्यांनी एक घास घेतला आणि मामींना म्हणाले, "हात्तिच्या, ही तर वजडी. अळणी." पुढच्या वर्षी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि हॅगिसमध्ये घरून आणलेला येसूर मसाला घातला. त्या रात्री टेबलावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पूर्वजांच्या आठवणीनं आलं असा त्यांचा समज झाला, आणि तेव्हापासून त्या गावातलं हॅगिस मराठवाडी आहे. बाहेरगावचे पाहुणे पाणी मागतात, गावकरी दुसऱ्यांदा वाढून घेतात.

आता हे गाव. आम्ही राहतो मिल्टनला, म्हणजे जिथे सकाळी शेत दिसतं आणि संध्याकाळी त्याच जागी घरांची रांग उभी असते तिथे. तिथून वायव्येला दोन तास गाडी हाकली की एक चौरस्ता येतो. एक गॅस स्टेशन, एक पशुखाद्याचं दुकान आणि टेकाडावर एक दगडी चर्च, संपलं गाव. दीडशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधून आलेल्या शेतकऱ्यांनी ते बांधलं. चर्चच्या मागे कबरस्तान आहे, आणि तिथले दगड वाचत गेलं तर मॅक-अमुक, मॅक-तमुक असं करत जीभ दमते. त्या सगळ्या मॅकमंडळींच्या मधोमध, तिसऱ्या ओळीत, एका दगडावर देवनागरी अक्षरं आहेत. त्या आमच्या मामी. आम्ही कॅनडात यायच्या थोडं आधीच त्या गेल्या. माझ्या बायकोला, स्मिताला, मामींनी लहानपणी जालन्यात अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्यामुळे महिन्यातून एक रविवार त्या टेकाडावर काढायचा असा आमच्या घरचा कायदा आहे. मी स्वतः साताऱ्याचा, घरी गणपती-गौरी. रविवारी सकाळी दहाच्या आत मला देव दिसलाच तर तो अंथरुणात दिसतो. पण बायकोच्या माहेरी मामा म्हणजे सर्वोच्च न्यायालय, त्यामुळे अपील नाही.

मामा सत्तरच्या दशकात रस्त्यांच्या मोजणीच्या कामावर या भागात आले. तोवर इथल्या लोकांनी हिंदुस्थानी माणूस फक्त नकाशात पाहिलेला. पहिल्याच रविवारी मामा-मामी चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले. ऑर्गन सुरू झाला, आणि ती चाल जालन्याच्या चर्चमध्ये दर रविवारी वाजायची तीच निघाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खड्या आवाजात मराठीतून गायला सुरुवात केली. पुढच्या बाकांवरचं एकही डोकं मागे वळलं नाही, कारण चर्चमध्ये मागे वळून पाहणं हे स्कॉटिश माणसाला चोरीइतकं लाजिरवाणं वाटतं. मात्र उपासना संपल्यावर ऑर्गन वाजवणारी तरुण पोरगी, तिचं नाव मार्गरेट, धावत बाहेर आली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी काय वाजवू? तुम्हाला अजून कोणत्या चाली येतात?" मार्गरेट आता ऐंशीच्या घरात आहे आणि अजून ऑर्गन वाजवते. मामा मराठीतच गात राहिले. त्यांच्या शेजारच्या बाकावरची म्हातारी गोरी मंडळी धृपदाला त्यांच्यात सामील व्हायची, आणि त्यांचे मराठी उच्चार आमच्या मुलांपेक्षा बरे आहेत.

मामांचा सगळ्यात मोठा छंद म्हणजे बर्फ काढणं. इतर लोक बर्फ काढतात ते घराबाहेर पडता यावं म्हणून. मामा काढायचे तो मोजणी खात्याच्या शिस्तीनं. आधी दोन खुंट्या ठोकायच्या, मग दोरी ताणायची, मग फावडं. रस्त्यापासून चर्चच्या दारापर्यंतचा बर्फ काढायला मंडळीतले, म्हणजे त्या चर्चचे सभासद असलेले, लोक पाळीपाळीनं येतात. मामांची वाट वेगळी. ती चर्चच्या दारापासून निघायची, भिंतीला वळसा घालायची आणि कबरस्तानात तिसऱ्या ओळीत मामींच्या दगडापाशी थांबायची. एका माणसाच्या रुंदीची, दोन्ही कडा अशा उभ्या की मिठाईवाल्यानं सुरीनं बर्फी कापावी. वाकडी वाट त्यांना वाकड्या बोलण्याइतकीच लागते. मी एकदा म्हटलं, "मामा, कशाला एवढी मेहनत घेताय? मार्च-एप्रिलमध्ये वितळणारच आहे." ते म्हणाले, "तुम्ही रोज आंघोळ करताच ना? पुन्हा मळणारच असता."

दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराला या गावावर संकट कोसळलं. त्यांचे जुने पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, निवृत्त होऊन लेकाकडे राहायला गेले. आता आमच्यासारख्याला वाटतं की वरून कोणीतरी दुसरा पाद्री पाठवतील, तलाठ्याची बदली करतात तसा. पण प्रेस्बिटेरियन, म्हणजे या स्कॉटिश पंथाच्या लोकांत ती पद्धत नाही. इथे मंडळीनं पाळक स्वतः शोधायचा. त्यासाठी एक समिती नेमायची, समितीनं गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन उपदेश ऐकायचे, एखादा पसंत पडला की त्याला आपल्याकडे बोलवून सगळ्यांसमोर उपदेश करायला लावायचा, आणि मग मतदान. थोडक्यात, मुलगी पाहायला जाण्याचाच कार्यक्रम. फरक इतकाच की इथे पाहायला जाणाऱ्यांनी आपण कोण, कशासाठी आलो हे कोणाला कळू द्यायचं नसतं. मामा समितीचे अध्यक्ष झाले. बाकी दोन सभासद म्हणजे मार्गरेट आणि सँडी नावाचा एक दूधवाला शेतकरी, जो गाईंशी पुष्कळ बोलतो आणि माणसांशी जवळजवळ नाही. माझ्याकडे सात सीटांची मिनीव्हॅन आणि नवे विंटर टायर्स होते, म्हणून मी सारथी.

संकट अशासाठी की मंडळी घटत घटत चाळीसएक माणसांवर आली होती. या सगळ्या चर्चचा कारभार पाहणारी जी वरची सभा असते, तिनं सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाळक मिळाला तर ठीक, नाही तर तुम्ही शहरातल्या मंडळीत सामील व्हा आणि इमारत विकून टाका. शेजारच्या गावातलं असंच एक चर्च विकत घेऊन कोणी तिथे बिअर बनवायला लागलं होतं, त्यामुळे आपल्या चर्चचं काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. आणि मामांच्या बाबतीत आणखी एक पेच होता. त्यांची एकुलती एक मुलगी, नीलिमा, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्यावरच्या सरेला असते. नर्स आहे, नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरी लहान मुलगा. मामी गेल्यापासून ती दर शनिवारी फोन करून वडिलांना बोलवत होती आणि मामा दर शनिवारी नवं कारण सांगत होते. शेवटी ती म्हणाली, "पप्पा, नो मोअर एक्स्क्यूजेस. तुमचं चर्च बंद झालं की तुम्ही इकडे येताय. प्रॉमिस करा." मामा म्हणाले, "पाळक नाही मिळाला तर येतो." फोन ठेवल्यावर ते खिडकीतून टेकाडाकडे बघत स्मिताला म्हणाले, "तुझ्या मामीला इथं एकटी टाकून जायचं म्हणजे काय गं."

त्यामुळे आम्हाला वाटलं, मामा आता समोर येईल त्या पहिल्या पाळकाला हार घालणार. इथेच आम्ही त्यांना ओळखलं नव्हतं. एकामागून एक पाळक आम्ही ऐकून आलो आणि एकामागून एक मामांनी नापसंत केले. एकानं उपदेशात देवाला 'ऑसम' म्हटलं, मामा म्हणाले, "पिझ्झ्याबद्दल बोलत होता का?" दुसऱ्यानं गिटार काढली. तिसरा विद्वान होता, पण दोन गोळ्यांचा निघाला. हे दोन गोळ्यांचं प्रकरण समजावून सांगायला हवं. या गावच्या चर्चमध्ये शंभर वर्षांचा रिवाज आहे की बायबलमधला शास्त्रपाठ वाचून झाला, पाळकानं उपदेशाला तोंड उघडलं, की मंडळीनं पेपरमिंटच्या गोळीला तोंड उघडायचं. चांगला उपदेश एका गोळीचा. गोळी विरघळून गेली आणि उपदेश उरला तर पाळकाला भान नाही. उपदेश संपला आणि गोळी बरीच उरली तर तो आळशी. मामा प्रत्येक वेळी गाडीतून उतरताना माझ्याही कोटाच्या खिशात एक गोळी सारायचे. मी ती बहुतेक वेळा खात नसे, कारण उपदेशाच्या वेळी मी बहुधा झोपलेला असे.

पण सगळ्यात गमतीचा होता मामांचा प्रश्न. उपासना झाल्यावर चहाच्या वेळी ते सहज बोलल्यासारखं करून त्या पाळकाला गाठत आणि विचारत, "हिवाळ्यात बर्फ तुम्ही स्वतः काढता का?" देवाबद्दल नाही, धर्माबद्दल नाही, थेट फावड्याबद्दल. एकानं सांगितलं की त्यांच्याकडे काँट्रॅक्टर येतो. एकानं पाठीचं दुखणं सांगितलं. गिटारवाला म्हणाला, "इट मेल्ट्स, राइट?" तिघंही बाद. परतीच्या वाटेवर मार्गरेट वैतागून म्हणाली, "आपल्याला पाळक हवाय की बर्फाचा ट्रॅक्टर?" मामा म्हणाले, "पाळक." आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला मात्र राग यायला लागला होता. ज्या माणसाला पाळक मिळाला नाही तर घर सोडावं लागणार, तोच पाळकांना असा उडवून लावतोय. घरी येऊन मी स्मिताला म्हटलं, "तुझे मामा नवरदेवाच्या बुटाचा नंबर विचारून स्थळं मोडतायत." तिला हसू आलं, मग तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ख्रिसमस उलटून गेला होता.

फेब्रुवारीत आम्ही पार उत्तरेला, तीन तासांवरच्या एका गावात एका पाळकबाईंना ऐकायला गेलो. गुप्ततेचे नियम मामांनी गाडीत पुन्हा वाचल्यासारखे सांगितले. एकत्र आत शिरायचं नाही. तिघांनी तीन कोपऱ्यांत बसायचं. एकमेकांकडे बघायचं नाही. मी चौथ्या कोपऱ्यात बसायचं आणि घोरायचं नाही. आता त्या दूरच्या गावात उपासनेला पन्नास-साठ पिकलेली गोरी डोकी, आणि त्यात ट्वीडची टोपी काढून मांडीवर ठेवलेले आमचे मामा, शेवग्याच्या शेंगांत कैरी दिसावी तसे. तरी आपल्याला कोणी ओळखणार नाही याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. दारात उभ्या असलेल्या गृहस्थांनी त्यांना हसून विचारलं, "लांबून आलात?" तर मामा म्हणाले, "इथूनच चाललो होतो." बाहेर उणे वीस तापमान होतं आणि तो रस्ता पुढे कुठेच जात नव्हता.

पाळकबाई पन्नाशीच्या, उंच, पूर्व किनाऱ्यावरच्या केप ब्रेटनकडच्या. झग्याखालून गुडघ्यापर्यंतचे जाडजूड बूट दिसत होते. त्यांनी शास्त्रपाठ वाचला, पुस्तक मिटलं आणि बोलायला सुरुवात केली. आणि त्याच क्षणी चर्चच्या तीन कोपऱ्यांतून कागदाची कुरकुर झाली. चौथ्या कोपऱ्यातून पण झाली, कारण त्या दिवशी थंडीनं मला झोप लागत नव्हती आणि माझा हात आपोआप खिशात गेला होता. घोटाळा असा की गोळीचा रिवाज आमच्या गावचा. त्या गावात तो नव्हता. तिथली मंडळी हाताची घडी घालून बसली होती आणि त्या शांततेत आमचे चार कागद फटाक्यांसारखे वाजले. पाळकबाई थांबल्या. त्यांनी एका कोपऱ्यात मार्गरेटकडे पाहिलं, दुसऱ्यात सँडीकडे, तिसऱ्यात मामांकडे, शेवटी माझ्याकडे. मामा सरळ समोर बघत होते, गालात गोळी आणि चेहऱ्यावर निष्पाप भाव. बाई म्हणाल्या, "आज आपल्याकडे पाहुणे आहेत असं दिसतं. तुमचं संपायच्या आत मी आटोपते." आणि खरोखर आटोपलं. त्यांनी 'आमेन' म्हटलं तेव्हा माझ्या जिभेवर गोळीची पापुद्र्याएवढी चकती उरली होती. इतका नेमका बसलेला उपदेश मी दुसरा ऐकलेला नाही, म्हणजे जागेपणी ऐकलेले मुळात थोडेच आहेत.

नंतर बेसमेंटमध्ये चहा आणि अंड्याची सँडविचेस होती. आम्ही अजूनही एकमेकांना न ओळखणारे चार प्रवासी म्हणून वेगवेगळे उभे होतो. पाळकबाई हातात ट्रे घेऊन सरळ मामांपाशी आल्या. मामांनी सँडविच उचललं आणि प्रश्न टाकला, बर्फ स्वतः काढता का. बाईंनी जरा विचार केला. "काढते," त्या म्हणाल्या. "मला आवडतं. पण सरळ येत नाही. कितीही जपलं तरी वाट वाकडीच होते." मार्गरेटनं माझ्याकडे बघून डोळे मिटले. वाकडी वाट म्हणजे संपलंच. मामांनी सँडविच खाल्लं, आभार मानले आणि बाहेर पडले. परतताना गाडीत सँडी म्हणाला, "चांगली आहे." सँडीच्या तोंडून सबंध वाक्य ऐकून माझी गाडी जरा लेनबाहेर गेली. हायवेला लागल्यावर मामा एवढंच बोलले, "बूट चांगले होते." मामींना पाहायला गेले होते तेव्हाही, असं स्मिता सांगते, ते इतकंच काहीतरी बोलले होते.

मार्चमध्ये बाईंना गावात उपदेशाला बोलावलं. आदल्या रात्री भरपूर बर्फ पडला होता. उपासना झाली, गोळी वेळेवर संपली, आणि मंडळी मतदानाला खाली बेसमेंटमध्ये गेली. मला मत नसल्यामुळे मी वर खिडकीत सँडविच खात उभा होतो. मामा आपली चिठ्ठी सगळ्यात आधी टाकून बाहेर आले आणि पाळकबाईंना घेऊन त्यांच्या त्या दोरीनं आखलेल्या वाटेवरून कबरस्तानात गेले. मामा पुढे, बाई मागे, कारण दोघांना शेजारी चालायला वाट पुरत नव्हती. तिसऱ्या ओळीत मामांनी टोपी काढली. हातानं आधी बाईंकडे आणि मग दगडाकडे दाखवलं, काहीतरी बोलले, पुन्हा उलट दाखवलं. मला वाटलं चर्चच्या जागेची हद्द दाखवतायत; मोजणीदार माणूस, कुठेही हद्द दाखवतो. खालून टाळ्या ऐकू आल्या. एकही मत विरुद्ध गेलं नव्हतं. हे कळल्यावर मामा काळजीत पडले आणि म्हणाले, "इतक्या स्कॉटिश लोकांचं एकमत? पुन्हा मोजून बघा."

उन्हाळ्यात पाळकबाई राहायला आल्या. त्यांच्यासोबत एक काळा, झुलपांचा, बेशिस्त कुत्रा आला. स्वागताच्या जेवणाला मामांनी ऋतू नसताना हॅगिस केलं. बाईंनी डोळे पुसत दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा त्या गावच्या झाल्या. आम्ही सगळे खुशीत. चर्च वाचलं, मामा राहिले, नीलिमाला काय सांगायचं ते हळूहळू सांगू. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर मामांच्या दिवाणखान्यात खोकी. स्मितानं विचारलं, "हे काय, मामा?" मामा म्हणाले, "सरेला निघालो." स्मिता म्हणाली, "अहो, पण पाळकबाई मिळाल्या ना. आता कशाला जाताय?"

"आता मिळाल्या म्हणूनच," मामा म्हणाले. ते खोक्याच्या कडेवर बसले आणि टोपी हातात फिरवत राहिले. "नीलूला माझी गरज आहे हे मला कळत नव्हतं का गं? डबल शिफ्ट करते, पोरगं शेजारणीकडे ठेवते. रोज कळत होतं. पण तुझ्या मामीला अशीच टाकून कसा जाऊ? चर्च बंद पडलं असतं तर कोणाच्या हवाली करून गेलो असतो, त्या बिअरवाल्याच्या? जालन्याची बाई, माझ्यामागे इथं थंडीत आली. कोणाला तरी सांगून जायला नको, की बाबा, हिच्याकडे बघ?" मग त्यांनी नाक ओढलं आणि माझ्याकडे वळून, जणू मुद्दा माझ्याच डोक्यात शिरायचा राहिला असेल अशा स्वरात, म्हणाले, "काँट्रॅक्टरला कसं सांगायचं, जावईबापू?" मला एकदम गेल्या वर्षभराचे सगळे नापसंत पाळक आठवले, आणि खिडकीतून पाहिलेली ती ओळख करून देण्याची खूण आठवली. मी बर्फाबद्दल केलेले सगळे विनोद मनातल्या मनात परत घेतले. जायच्या आदल्या दिवशी मामांनी फावडं, खुंट्या आणि दोरी पाळकबाईंना नेऊन दिली आणि दोरी कशी ताणायची हे भर जुलैत गवतावर करून दाखवलं.

त्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदा मामांशिवाय गेलो. रात्रभर बर्फ पडून सकाळी उघडलं होतं. गाडीतून उतरून स्मिता सरळ चर्चच्या मागे गेली आणि तिथून तिनं मला हाक मारली. दारापासून तिसऱ्या ओळीपर्यंत वाट काढलेली होती. वाट कसली, ओढाच तो. एका मॅकला वळसा घालून दुसऱ्या मॅकच्या अंगावर जाणारी, कडा ढासळलेल्या, मध्ये सगळीकडे कुत्र्याची पावलं. एका खुंटीला दोरीचं टोक अडकून बर्फात रुतलेलं. म्हणजे बाईंनी प्रयत्न केला होता आणि सोडून दिला होता. पण मामींचा दगड चारही बाजूंनी स्वच्छ होता आणि देवनागरी अक्षरांतला बर्फसुद्धा कोणीतरी बोटानं काढला होता. मी फोटो काढून मामांना पाठवला. लगेच फोन आला. सरेला पाऊस पडत होता, मागे नातू इंग्रजीत काहीतरी मागत होता.

"वाकडी आहे," मामा म्हणाले.

"हो मामा."

"दोरी दिली होती तिला."

"दोरी बर्फात अडकलीय, मामा. तिनं लावून बघितली होती."

मामा फोटो पुन्हा बघत असावेत. मग म्हणाले, "रुंद आहे पण. माझी एका माणसापुरतीच असायची. हिनं दोघं शेजारी चालतील एवढी काढलीय." आतून ऑर्गन सुरू झाल्याचं त्यांना फोनवर ऐकू गेलं असावं, कारण ते घाईनं म्हणाले, "जा आता आत, उशीर करू नका. आणि फोन चालू ठेवा, उपदेश ऐकतो." आम्ही मागच्या बाकावर बसलो, मी फोन मांडीवर ठेवला. पाळकबाईंनी शास्त्रपाठ संपवला, पुस्तक मिटलं, आणि चाळीस कागद कुरकुरले. त्यात एक माझ्या मांडीवरून, सरेहून कुरकुरला. मी कोटाच्या खिशात हात घातला. गेल्या हिवाळ्यात मामांनी सारलेल्या आणि मी झोपेपायी न खाल्लेल्या गोळ्या अजून तिथेच होत्या.